डिशवॉशरमधलं मीठ: चवीनुसार की पाण्यानुसार?

मिनू७ | सोमवार, ९:४०

मंडळी, या विषयावर आधी धागा निघाला असेल तर दुवा द्या, हा उडवायला सांगते.

घरी डिशवॉशर आलाय. बसवायला आलेल्या माणसाने घाईघाईत दाखवलं: पावडर इथे, रिन्स एड इथे, मीठ खाली. मीठ कशासाठी, असं विचारलं तर "भांडी चकाचक राहतात" एवढं बोलून स्वारी पसार. आता घरात दोन तट पडलेत. आतेभाऊ म्हणतो, टॅब्लेटमध्ये सगळं असतंच, वेगळं मीठ म्हणजे विकणाऱ्यांची चलाखी. नणंद म्हणते, मिठाशिवाय यंत्र सुरूच करू नकोस. मी अजून मीठ टाकलेलं नाही, आणि काचेचे पेले उजेडात धरले की पांढुरके दिसतात. हात फिरवला तर किंचित खरखरीत लागतात.

तर, हे मीठ नक्की करतं काय? घरातलं चालेल का? आणि सासऱ्यांना बीपीमुळे मीठ कमी सांगितलंय, त्यांच्या ताटात हे उतरणार का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

भोचक | सोमवार, ९:५२

मीठ चवीनुसार. पुढचा प्रश्न.

शेंडेफळ | सोमवार, १०:०५

भोचक, सुधरा. मिनूताई, मलाही हेच विचारायचं होतं. खुर्ची ओढून बसतेय.

रसायनी | सोमवार, ११:२०

मिनूताई, तुम्हाला मिळालेलं उत्तर अर्धवट होतं. मीठ भांडी घासत नाही. भांड्यांना ते शिवतसुद्धा नाही (शिवायला नको, त्यावर पुढे). मिठाचं गिऱ्हाईक वेगळंच आहे.

तुमच्या नळाच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. जितकं जास्त, तितकं पाणी जड. असं पाणी तापलं की त्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट उरतं. तेच पेल्यावर बसतं, हीटरवर बसतं, पाणी उडवणाऱ्या पात्यांच्या भोकांत बसतं. तुमच्या हाताला लागणारी खरखर बहुधा तीच.

हे टाळायला यंत्राच्या तळाशी पाणी मऊ करणारा एक छोटा कप्पा असतो. त्यात रेझिनचे बारीक मणी भरलेले असतात, साधारण मिलिमीटरभराचे किंवा त्याहून लहान. हे मणी पॉलिस्टायरीनचे असतात आणि त्यांच्यावर ऋण भाराच्या जागा असतात. सुरुवातीला त्या जागांवर सोडियम बसलेलं असतं. जड पाणी मण्यांमधून गेलं की कॅल्शियम-मॅग्नेशियम जागा पटकावतात आणि सोडियम उठून पाण्यात जातं. भांड्यांपर्यंत पोचतं ते मऊ पाणी.

पण जागा मोजक्याच. सगळ्या भरल्या की रेझिन बसतं गप्प. मग यंत्र मिठाच्या टाकीतलं संपृक्त खारं पाणी त्या मण्यांतून सोडतं. कॅल्शियमची पकड खरं तर सोडियमपेक्षा घट्ट असते, पण समोरून सोडियमची एवढी गर्दी आली की त्याला उठावंच लागतं. ते सगळं खारं पाणी थेट गटारात जातं आणि रेझिन पुन्हा ताजंतवानं. म्हणजे मीठ धुतं ते रेझिनला. रेझिन पाणी मऊ करतं. भांडी धुण्याचं काम पावडर आणि पाण्याचं.

अवांतर: ही अदलाबदल पहिल्यांदा नीट अभ्यासली गेली ती शेतातल्या मातीत. १८५० मध्ये इंग्लंडमध्ये थॉम्प्सन आणि वे या दोघांनी दाखवलं की खतातलं अमोनियम माती धरून ठेवते आणि बदल्यात कॅल्शियम सोडते. कृत्रिम रेझिन त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९३५ मध्ये ॲडम्स आणि होम्स यांनी बनवलं.

शेंडेफळ | सोमवार, ११:३१

बाप रे. एवढं सगळं त्या खालच्या झाकणाखाली चालतं? माहितीपूर्ण प्रतिसाद, धन्स.

चिकटगोंद | सोमवार, १३:०२

रसायनींच्या रसायनशास्त्राला नमस्कार, पण आमचा अनुभव वेगळा. गेली कित्येक वर्षं ऑल-इन-वन टॅब्लेट वापरतोय, मीठ एकदाही टाकलं नाही. भांडी लख्ख. टॅब्लेटच्या वेष्टनावर स्पष्ट लिहिलेलं असतं की मिठाचं काम आतच होतं. मिनूताईंचा आतेभाऊ बरोबर बोलतोय. उगाच लोकांना घाबरवू नये.

रसायनी | सोमवार, १४:१५

चिकटगोंद, तुमचा अनुभव खोटा नाहीच. तुमचं पाणी मऊ असणार.

टॅब्लेटमध्ये 'मिठाचं काम' करणारं जे असतं ते मीठ नव्हे. ते सायट्रेट, एमजीडीए, पॉलिकार्बोक्सिलेट अशा जातीचं काहीतरी असतं. हे पदार्थ कॅल्शियमला धरून ठेवतात, त्याला भांड्यावर बसू देत नाहीत. पूर्वी हे काम फॉस्फेट करायचं, आणि फार छान करायचं. पण नद्या-तळ्यांत शेवाळ माजतं म्हणून युरोपीय संघाने घरगुती डिशवॉशरच्या डिटर्जंटमधलं फॉस्फेट १ जानेवारी २०१७ पासून जवळपास हद्दपार केलं. नंतरचे पर्याय चांगले आहेत, पण त्यांचीही मर्यादा आहेच. बऱ्याच टॅब्लेटच्या वेष्टनावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की साधारण २१ जर्मन अंशांपर्यंतच्या जडपणाला हे पुरेल. एक जर्मन अंश म्हणजे लिटरला १७.८ मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात. म्हणजे साधारण ३७५ मिलिग्रॅम. त्यापुढे टॅब्लेट कंपन्या स्वतःच मीठ वापरा म्हणतात.

आणि दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. टॅब्लेट विरघळते मुख्य धुण्याच्या वेळी. ते पाणी यंत्र फेकून देतं. मग विसळायला नवं पाणी घेतं, ते फेकतं, आणि शेवटची गरम विसळणी पुन्हा नव्या पाण्यात. या शेवटच्या पाण्यात टॅब्लेटचा फार तर मागमूस उरलेला असतो. भांड्यावर जे थेंब वाळतात ते याच पाण्याचे. रेझिन मात्र प्रत्येक वेळी आत येणारं पाणी मऊ करतं, पहिलंही आणि शेवटचंही. टॅब्लेट आणि मीठ यांत खरा फरक पडतो तो इथे.

चिकटगोंद | सोमवार, १४:२८

शेवटच्या विसळणीसाठी रिन्स एड असतो ना मग?

रसायनी | सोमवार, १४:५०

असतो, पण त्याचं काम वेगळं. तो पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, म्हणजे थेंब न राहता पातळ पापुद्रा होऊन पाणी ओघळून जातं. त्यात थोडं सायट्रिक आम्लही असतं, तेवढी क्षारांना मदत. पण पाणी फारच जड असेल तर एकट्या रिन्स एडच्या जिवावर भांडी टाकू नयेत.

भोचक | सोमवार, १५:०३

चिकटगोंद विरुद्ध रसायनी, पहिला डाव रसायनींकडे. पॉपकॉर्न आणा.

पानेपकड | सोमवार, २१:१०

दिवसभर कामात होतो, आत्ता धागा वाचला. ही यंत्रं दुरुस्त करण्यात माझी हयात गेली, म्हणून चार कामाच्या गोष्टी लिहितो. शास्त्र रसायनींनी सांगितलंच आहे.

पहिल्यांदा मीठ भरताना टाकीत आधी पाणी भरायचं, साधारण लिटरभर, टाकी काठोकाठ होईपर्यंत. हे फक्त पहिल्या वेळी. मग यंत्रासोबत आलेलं नरसाळं लावून मीठ ओतायचं. मीठ आत गेलं की तेवढं पाणी बाहेर सांडतं, घाबरू नका. किलो-सव्वा किलो मीठ मावतं, यंत्रागणिक थोडं कमी-जास्त. मग झाकणाच्या आट्यांवरचे आणि रबरी रिंगवरचे मिठाचे दाणे ओल्या फडक्याने पुसायचे, झाकण घट्ट करायचं, आणि लगेच यंत्र चालवायचं. लगेच म्हणजे लगेच. रात्री मीठ भरलं आणि सकाळी यंत्र लावू, असं करू नका. सांडलेलं खारं पाणी स्टीलच्या तळाशी रात्रभर राहिलं की बारीक तांबूस ठिपके उठतात. लोक म्हणतात स्टील गंजत नाही. साध्या पाण्याने नाही गंजत, मिठातल्या क्लोराइडने टोचे पडतात. नवाकोरा तळ असा ठिपकेदार झालेला भरपूर पाहिलाय. म्हणून मीठ भरायचंच झालं तर भांडी लावून झाल्यावर, यंत्र सुरू करायच्या दोन मिनिटं आधी भरावं.

पुढच्या वेळी पाणी ओतायचं नाही. टाकीत ते असतंच. मला येणाऱ्या फोनमधले कित्येक हेच सांगायचे की मिठाच्या टाकीत पाणी साचलंय, गळती आहे. गळती नाही, ती तशीच असते.

आणि कृपा करून त्या टाकीत पावडर ओतू नका. टाकी खाली, झाकण गोल, घाईत होतं. पावडर आत गेली की रेझिनचा पूर्ण कप्पा बदलावा लागू शकतो. असं झालंच तर यंत्र सुरू करायचं नाही, आधी दुरुस्तीवाल्याला बोलवायचं.

शेंडेफळ | सोमवार, २१:२२

घरातलं मीठ का नको पण? शेवटी सोडियम क्लोराइडच ना?

पानेपकड | सोमवार, २१:४०

घरातलं मीठ बारीक असतं. पाण्यात त्याचा लगदा होऊन टाकीच्या तळाशी थापी बसते आणि खारं पाणी पुढे सरकायला वाव राहत नाही. डिशवॉशरचं मीठ जाड दाण्याचं असतं, दाण्यांतून पाणी खेळतं. शिवाय घरातल्या मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून काहीबाही घातलेलं असतं, त्यातलं काही विरघळत नाही. एखाद्या वेळी टाकलंत म्हणून यंत्र लगेच आडवं पडणार नाही, पण सवय लावू नका.

रसायनी | सोमवार, २१:५५

भर घालतो. गुठळ्या होऊ नयेत म्हणून सिलिकॉन डायऑक्साइड, कॅल्शियम सिलिकेट, मॅग्नेशियम कार्बोनेट असलं काहीतरी घालतात. म्हणजे ज्या मॅग्नेशियम-कॅल्शियमला रेझिनवरून हाकलायचं, तेच आपण मागच्या दाराने आत आणतो. समुद्री मिठात मॅग्नेशियम मुळातच असतं. सैंधवात मातीचे आणि इतर खनिजांचे न विरघळणारे कण असतात, तेही नको. आयोडीनबद्दल लोक फार बोलतात, पण ते इतकं कमी असतं की खरी अडचण बाकीच्या मालाची आहे.

घरभरासाठीच्या सॉफ्टनरला मिठाच्या मोठ्या वड्या मिळतात, त्या रासायनिकदृष्ट्या शुद्ध असतात. पण डिशवॉशरच्या टाकीच्या तोंडातून त्या जायला हव्यात ना.

मुक्तछंद | मंगळवार, ८:१५

सासऱ्यांच्या बीपीचा प्रश्न राहिला की! आमच्याकडेही एका रुग्णाचं पथ्य आहे, म्हणून उत्सुकता.

रसायनी | मंगळवार, ९:०५

हिशोबच करू. लिटरला १०० मिलिग्रॅम जडपणा काढला की पाण्यात ४६ मिलिग्रॅम सोडियम येतं. पाणी बऱ्यापैकी जड धरू, ३००. म्हणजे मऊ झालेल्या पाण्यात लिटरला साधारण १४० मिलिग्रॅम सोडियम जास्त. आता ताटावर शेवटी किती पाणी राहून वाळतं? सढळ हाताने एक मिलिलिटर धरा. त्यातलं सोडियम ०.१४ मिलिग्रॅम. प्रौढांनी दिवसभरात २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पथ्यावर असलेल्याची मर्यादा त्याहून खाली असली तरी ताटावरचं हे सोडियम हिशोबात धरण्याजोगं नाही.

टाकीतलं खारं पाणी रेझिन धुऊन गटारात जातं, ते भांड्यांवर फवारलं जात नाही. मिनूताई, निर्धास्त राहा.

पानेपकड | मंगळवार, ९:३०

निर्धास्त, पण झाकण नीट असेल तर. ताट जिभेला खारट लागलं किंवा पांढरी भुकटी दिसली आणि ती साध्या पाण्याने चटकन गेली, तर ते क्षार नव्हेत, मीठच. झाकण तिरकं बसलंय, रिंग फाटलीय किंवा आट्यात दाणा अडकलाय. दर वेळी झाकण लावताना रिंग बोटाने चाचपावी.

आडनावनको | मंगळवार, १०:४८

आमच्या पाण्याचा टीडीएस ४५० येतो. यंत्रावर जडपणाचं सेटिंग किती ठेवू? पुस्तिकेत तक्ता आहे पण त्यात टीडीएस दिलेला नाही.

रसायनी | मंगळवार, ११:१०

दिलेला नाही, कारण टीडीएस म्हणजे जडपणा नव्हे. मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या सगळ्या पदार्थांचा अंदाज सांगतो. सोडियम, क्लोराइड, सल्फेट, सगळे एका पंक्तीत. ४५० पैकी जडपणा ३५० असेल किंवा ५०, मीटरला त्यातलं काही कळत नाही. गंमत म्हणजे सॉफ्टनरमधून गेलेल्या पाण्याचा टीडीएस जवळपास तेवढाच राहतो, कारण एक काढून दुसरं घातलेलं असतं. सॉफ्टनर चालतोय का हे टीडीएस मीटरने तपासणारे बघितले की कपाळाला हात लावावासा वाटतो.

जडपणा मोजायच्या कागदी पट्ट्या मिळतात. पाण्यात क्षणभर बुडवायची, झटकायची, मिनिटभराने रंग तक्त्याशी जुळवायचा. बऱ्याच यंत्रांबरोबर एखादी पट्टी येतेच, पुस्तिकेच्या पिशवीत शोधा. पाणीपुरवठा करणाऱ्यांकडेही आकडा असतो. फक्त एकक बघा: तोच आकडा जर्मन अंशात असेल, फ्रेंच अंशात असेल (एक म्हणजे १० मिलिग्रॅम) किंवा थेट मिलिग्रॅममध्ये. २० फ्रेंच अंश आणि २० जर्मन अंश यांत जवळजवळ दुपटीचा फरक आहे. पुस्तिकेच्या तक्त्यातलं एकक आणि तुमच्या हातातलं एकक एकच आहे ना, हे पाहूनच आकडा लावा.

सेटिंगचा आकडा वाढवला की पाणी जास्त मऊ होतं असा बऱ्याच जणांचा समज असतो. बहुतेक यंत्रांत तो आकडा सांगतो, रेझिन किती वेळा मिठाने धुवायचं. कमी ठेवलात तर रेझिन मध्येच थकतं आणि पुढच्या काही फेऱ्या जड पाण्याच्या. जास्त ठेवलात तर मीठ आणि पाणी वाया. शून्यावर असेल तर बऱ्याच यंत्रांत रेझिन धुतलंच जात नाही आणि मिठाचा दिवाही लागत नाही.

आडनावनको | मंगळवार, ११:१६

पिशवीत पट्टी सापडली! इतके दिवस तिच्यावर फोन नंबर लिहून ठेवला होता कोणीतरी.

भोचक | मंगळवार, ११:१९

फोन नंबरचा जडपणा किती आला?

सांजवारा | मंगळवार, १६:३५

माझं उलटंच आहे. मीठ, रिन्स एड, सगळं नियमित. सेटिंग सगळ्यात वर, कारण वाटलं भरपूर असलेलं बरं. तरी काचेचे पेले धुरकट होत चाललेत. तिरपं धरलं की इंद्रधनुष्यासारखी झाक दिसते. म्हणजे अजून मीठ हवं का?

रसायनी | मंगळवार, १७:१०

नाही! आणि सेटिंगही आधी खाली आणा. दोन वेगळे रोग सारखे दिसतात. धुरकट पेल्यावर एका कोपऱ्यात व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्लाचं पाणी लावा, पाचेक मिनिटं ठेवा, चोळून धुवा. जागा स्वच्छ झाली तर क्षार होते. काही फरक पडला नाही तर काच झिजलीय.

सांजवारा, तुमचा दुसरा प्रकार असावा, ती रंगीत झाक त्याचीच खूण. अति मऊ पाणी, अल्कधर्मी डिटर्जंट आणि भरपूर उष्णता एकत्र आले की काचेतला सिलिका हळूहळू विरघळून निघतो. जड पाण्यात कॅल्शियम थोडंफार आड येतं, मऊ पाण्यात तेही नाही. तुमचं पाणी मुळातच मऊ असेल आणि वर सेटिंग टोकाला, तर काचेवर दोन्हीकडून हल्ला. पट्टीने मोजा. मऊ निघालं तर पुस्तिकेप्रमाणे शून्यावर आणा. पावडर कमी करा, मऊ पाण्याला कमीच लागते. पेल्यांसाठी कमी तापमानाचा प्रोग्रॅम लावा, आणि फेरी संपली की दार उघडा, गरम वाफेत पेले कोंडून ठेवू नका.

झिजलेली काच मात्र परत येत नाही. कुठल्याही पावडरीने नाही.

सांजवारा | मंगळवार, १७:२५

अरेरे. बरं झालं विचारलं. त्या पेल्यांत आता पेन्सिली ठेवते.

चिकटगोंद | मंगळवार, १८:०२

हे बघा! मी म्हणतच होतो की मीठ सगळ्यांना नको. :)

रसायनी | मंगळवार, १८:०९

सगळ्यांना हवं असं मीही म्हटलं नव्हतं. पाणी मऊ असेल तर नको, घरभराचा सॉफ्टनर बसवलेला असेल तर नको, आणि यंत्रात सॉफ्टनरच नसेल तर टाकणार कुठे? उत्तर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बऱ्याच मॉडेल्समध्ये तो नसतो, टेबलावरच्या काही छोट्या यंत्रांतही नसतो. तळाशी स्क्रूचं झाकण दिसत नसेल तर पावडरच्या खणात किंवा भांड्यांवर मीठ भुरभुरून काही मिळत नाही, स्टीलचं नुकसान तेवढं होतं. अशांनी चांगली टॅब्लेट आणि रिन्स एड यांवर भागवावं.

मुक्तछंद | मंगळवार, १९:४४

एक शंका. एवढं खारं पाणी गटारात सोडणं पर्यावरणाला कितपत बरं? आम्ही धुण्याचं पाणी बागेला घालतो.

रसायनी | मंगळवार, २०:३०

डिशवॉशरचं पाणी झाडांना नका घालू. सोडियम मातीची घडण बिघडवतं आणि क्लोराइड मुळांना सोसत नाही. एकूण भाराचं म्हणाल तर फेरीला १० लिटर पाणी आणि ३०० जडपणा धरला तर कागदावर साडेतीन ग्रॅम मीठ पुरतं, प्रत्यक्षात त्याच्या काही पट लागतं. थोडं वाटतं, पण सांडपाणी शुद्धीकरणात क्लोराइड सहसा निघत नाही, ते पुढे नदीत जातंच. म्हणून नको तिथे मीठ नको आणि नको तेवढं सेटिंग नको. दुसरी बाजू अशी की मऊ पाण्यात डिटर्जंट कमी लागतं आणि क्षार न बसलेला हीटर जास्त टिकतो.

पानेपकड | मंगळवार, २१:००

हीटरचं अगदी खरं. जड पाण्यावर विनामिठाचं चाललेलं यंत्र उघडलं की नळ्यांच्या आत खडूसारखा थर निघतो.

आणखी एक: विहिरीचं पाणी असेल आणि त्यात लोह असेल, भांड्यांवर पिवळट-तांबूस छटा येत असेल, तर नुसत्या मिठाने भागत नाही. लोह रेझिनवर चिकटून बसतं. तिथे आधी लोह काढणारा फिल्टर लागतो.

मिनू७ | गुरुवार, १०:२०

सगळ्यांचे खूप आभार! पट्टीने पाणी मोजलं, १९ जर्मन अंशांच्या आसपास. पानेपकड काकांनी सांगितलं तसंच मीठ भरलं आणि लगेच यंत्र लावलं. सेटिंग कारखान्यातून मधल्या आकड्यावर आलेलं होतं, तक्त्याप्रमाणे दोन पायऱ्या वर नेलं. जुने पेले सायट्रिक आम्लाच्या पाण्यात बुडवले आणि खरखर निघून गेली, म्हणजे क्षारच होते. मिठाचा दिवा मात्र अजून लागलेलाच आहे. भरूनही?

आणि आतेभावाला धागा वाचायला दिलाय. तो म्हणतो २१ च्या आत आहे म्हणजे टॅब्लेट पुरली असती.

पानेपकड | गुरुवार, १०:५५

दिवा विझायला वेळ लागतो. टाकीतल्या पाण्यात पुरेसं मीठ विरघळून ते जड झालं की आतला तरंगता तुकडा वर येतो, मग दिवा जातो. दोन-चार फेऱ्या थांबा. त्यानंतरही राहिला तर मिठाची ढेप झाली असेल, नरसाळ्यातून कोमट पाणी सोडून चमच्याच्या दांड्याने हलकेच हलवा. जोर लावू नका, खाली प्लास्टिक आहे.

रसायनी | गुरुवार, ११:१५

आतेभावाला सांगा, १९ म्हणजे सीमारेषा. टॅब्लेट कदाचित धकवून नेईल, पण शेवटच्या विसळणीचा मुद्दा राहतोच. शंका असेल तर शेवटच्या विसळणीत यंत्र थांबवून तळाच्या पाण्यात पट्टी बुडवायला लावा. सॉफ्टनर नीट चालत असेल तर नळाच्या पाण्यापेक्षा आकडा ठळकपणे खाली दिसेल. वाफेपासून हात जपून म्हणावं.

शेंडेफळ | गुरुवार, १२:४०

जाता जाता माझाही एक प्रश्न. ॲल्युमिनियमचं भांडं काळं पडलंय. मिठामुळे का?

रसायनी | गुरुवार, १३:०५

नाही, ते डिटर्जंटच्या अल्कलीमुळे. ॲल्युमिनियमवरचा संरक्षक पापुद्रा अल्कलीत निघून जातो आणि धातू काळवंडतो. मीठ टाका न टाका, ॲल्युमिनियम हातानेच घासावं.

आडनावनको | गुरुवार, १८:३०

पट्टीचा निकाल: चार जर्मन अंश! टीडीएस ४५० आणि जडपणा ७० च्या आसपास. पुस्तिका म्हणते सेटिंग शून्य. आणून ठेवलेल्या मिठाचं काय करू?

भोचक | गुरुवार, १८:३४

मिनूताईंना द्या. सोबत आतेभाऊही.

पानेपकड | गुरुवार, १९:१०

पिशवीचं तोंड घट्ट बांधून कोरड्या जागी ठेवा, खराब होत नाही. आणि महिना-दोन महिन्यांनी पुन्हा एक पट्टी बुडवा. पाण्याचा स्रोत ऋतूप्रमाणे बदलतो, तेव्हा आकडाही बदललेला बघितलाय मी.